वाढत्या अंगाचे

३ मार्च
फीचा आकडा ऐकून नवरा मटकन खालीच बसला. आणि ही नुसती फी! बस, लॅपटॉप, सहली, परदेशी बोर्डाची परीक्षा — सगळं वेगळं. वर दरवर्षी वाढ. आमची लेक मुंगी आत्ता कुठे पहिलीत जाणार. सगळं मांडून पाहिलं. ओढूनताणून सहावीपर्यंत पुरतंय. पुढे ठणठणाट! नवरा म्हणाला, "पुढचं पुढे बघू."

९ मार्च
आज मी हुशारी केली. गणवेशवाला दुकान बंद करतोय म्हणून जुन्या भावात पहिली ते बारावी, सगळे गणवेश उचलून आणले. कपाटात ओळीने लावले. सासूबाई हसल्या — "अगं, वाढत्या अंगाचे घेतात, पण इतक्या वाढत्या?" हसू देत. पैसे वाचले. किल्ली माझ्या पर्समध्ये, नाहीतर मुंगी चिकट हात लावायची.

१७ एप्रिल
डांबरगोळ्या ठेवायला कपाट उघडलं. दुसरीच्या शर्टाच्या खिशात पेन्सिलीचा तुकडा. चावलेला. वापरलेले कपडे गळ्यात मारले मेल्यानं! फोन केला, लागत नाही.

१८ एप्रिल
सगळे बाहेर काढले. तिसरीच्या बाह्या कोपराशी झिजलेल्या. चौथीच्या कॉलरला मळ. पाचवीच्या, सहावीच्या स्कर्टची दुमड उसवून लांबी वाढवलेली. ती शिवण उजेडात नेऊन बघितली. तिरका टाका, शेवटी तीनदा गाठ. असं मी शिवते. आईनं शिकवलेलं. दुकानदाराला कुठून माहीत?
सातवीपासून पुढचे सगळे कोरे. कॉलरमध्ये पुठ्ठा, बटणाला लेबल.
भीती वाटतेय. मुंगी शेजारच्या खोलीत गाणं म्हणतेय, मधूनच थांबली की मी धावत जाऊन बघते.

१९ एप्रिल
नवऱ्याला दाखवलं. त्यानं शिवण बोटानं चाचपून पाहिली. मग म्हणाला, "सहावीपर्यंतच ना? अगं, पैसेही तिथेच संपतात! मग साध्या शाळेत घालू तिला. म्हणून पुढचे कोरे."
खरंच की! एवढं सोपं! हातात पैसा नसल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मुंगीला मांडीवर घेऊन हसत सुटले. "आई, दाबू नको ना!"

२ मे
मुंगीला ताप. नुसता घसा. संध्याकाळी उतरला.

११ जून
शाळेचा पहिला दिवस. गणवेशात ऐटीत उभी राहिली. कुठेही अडखळली नाही, खिसा कुठे, हूक कुठे, सगळं ठाऊक असल्यासारखं. "सवय आहे मला," म्हणाली.

२० जून
सासूबाई धापा टाकत आल्या. त्यांच्या नावावरचा प्लॉट विकला म्हणे. "सगळे पैसे मुंगीचे! याच शाळेत बारावीपर्यंत आता बघायला नको." मी नुसती रडत राहिले. त्यांना वाटलं, आनंदानं.

२१ जून
कपाट उघडलं. सातवीचा अजूनही कोराच.