पेडलमधली शिट्टी

८ सप्टेंबर २०२४, रविवार

पुन्हा तेच! तालमीत शिवानीनं संथ गाणं धरलं, मी गिटारचा सूर सोडला आणि प्रतिध्वनी तिची ओळ संपायच्या आत परत हजर. प्रतिध्वनी देणारं माझं पायाखालचं डिले पेडल जुनं, अ‍ॅनालॉग. फार तर सेकंदाचा तिसरा हिस्सा थांबतं. मला अर्धा सेकंद पाहिजे — तिनं श्वास घेतला की उत्तर यावं, असं.

प्रेम कीबोर्डमागून हसला. "काका, माझ्या कीबोर्डात दोन सेकंदाचा डिले हाय. एक बटण दाबलं की झालं." साहेबराव काही बोलला नाही. ग्रुप त्याचा, तीस वर्षं मी त्याच्यासोबत नांदेडभर वाजवतोय. तरी गप्प. का?

१० सप्टेंबर

ऑफिस सुटल्यावर चहाच्या गाड्यावर साहेबराव आणि प्रेम दिसले. मला बघितलं आणि आवाज खाली आणला. ओठ हलत होते, शब्द एक नाही. मला काढायचं चाललंय.

१५ सप्टेंबर, रविवार

सकाळच्या एसटीनं लातूर. मडिवाळप्पाकडं. अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीत त्याचा हात धरणारा कुणी नाही, पण माणूस मोजकं बोलतो. मोजकं बोलणाऱ्याचा मला भरवसा वाटत नाही.

पेडल उघडून त्यानं दाखवलं. "ह्या चिपमधून आवाज हातोहात पुढं जातो. आग विझवायला माणसं रांगेत बकेटा देतात, तसा. त्यांना ताल देणारं घड्याळ मंद केलं की बकेट उशिरा पोचती. तुमचा अर्धा सेकंद मिळंल. पण राव, घड्याळ इतकं मंद केलं की त्याचीच बारीक शिट्टी आवाजात उतरती. ती दाबायला फिल्टर बसवावा लागंल."

"फिल्टरनं गिटारचा आवाज?"

"घोंगडीखालून आल्यागत व्हईल."

"मग फिल्टर नको."

"शिट्टी येईल."

"येऊ दे. ऐकू आली तर बघू."

आठवडाभर पेडल ठेवून घेतलं. जुन्या चिपा आता मिळत नाहीत, नकली लई फिरून राहिल्या. माझी काढून घेतली तर? निघताना तो पाणी आणायला आत गेला तेवढ्यात चिपच्या कडेला बायकोच्या, महामायाच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला. बाटली घरूनच खिशात नेली होती.

२२ सप्टेंबर, रविवार

ठिपका जागेवर! (तसाच ठिपका दुसऱ्या चिपवर देणं अवघड नाही म्हणा.)

दुकानातच गिटार लावून बघितली. सूर सोडला — थांबला — आणि अर्ध्या सेकंदानं दुरून कुणी हाक द्यावी तसा परत आला. माझ्या अंगावर काटा. शिट्टी-बिट्टी काही नाही. मडिवाळप्पा माझ्या तोंडाकडं बघत होता. "चालतंय ना असं?" म्हणलं, "नंबर एक." त्यानं परत विचारलं, "नक्की?"

दोनदा का विचारलं?

२४ सप्टेंबर

तालीम. पेडल चालू केलं आणि शिवानीनं तोंड वाकडं केलं. "काका, शिट्टी वाजतेय."

कुठली शिट्टी? मी कान लावला. स्वच्छ! प्रेम लगेच — "हाव, लई टोचतीय." साहेबराव मान हलवतोय. तिघं एका सुरात. इतकं एका सुरात गाण्यात कधी येत नाहीत.

२८ सप्टेंबर

मडिवाळप्पाला फोन केला. म्हणलं, लोक शिट्टी म्हणून राहिलेत. तो म्हणाला, "येणारच की. फिल्टर नको तुम्हीच म्हणलात. त्या दिवशी बी वाजत होती, तुम्ही पास केलात."

म्हणजे ह्यालाही फोन गेलेला दिसतो.

२ ऑक्टोबर

सुट्टी म्हणून दिवसा तालीम. प्रेमनं मोबाईलवर आवाजाचा आलेख काढून दाखवला — एका जागी सुळका. "हे बघा काका, चार हजार हर्ट्झवर. हीच शिट्टी." म्हणलं, मोबाईलवर काय, ताजमहालही नांदेडात दिसतो. कुणी हसलं नाही.

साहेबराव बाजूला घेऊन म्हणाला, "संघपाल, मुरुडच्या कार्यक्रमाला पेडल आणू नको." म्हणलं, आणणार.

१४ ऑक्टोबर, सोमवार

परत यायला उशीर झाला. तरी आजच लिहितो.

मुरुडचा धम्मचक्र दिनाचा कार्यक्रम. माणसं भरपूर, पुढं बायाबापड्या, पांढऱ्या साड्या. शिवानीनं बाबासाहेबांवरचं संथ गाणं धरलं. मी पेडल दाबलं. दोन ओळी झाल्या. पुढच्या बायांनी कानावर हात ठेवले. मला वाटलं, स्पीकरवाल्यानं मुद्दाम काही केलं. मग शिवानी गाता गाता माझ्याकडं आली आणि तिनं सगळ्यांसमोर चपलेच्या टाचेनं पेडल बंद केलं!

मी गिटार काढून ठेवली. माईक चालू आहे हे माहीत असून म्हणलो, "तुला कुणी शिकवलं हे? माझ्या बोटांवर गाणं शिकलीस आणि मलाच पाय?"

ती रडली. गाणं तिथंच राहिलं. येताना गाडीत माझ्याशेजारची सीट रिकामी होती.

१५ ऑक्टोबर

साहेबरावला मेसेज केला. ग्रुप सोडला.

१६ ऑक्टोबर

संध्याकाळी घरी एकट्यानं वाजवत बसलो. इतका सुंदर आवाज येतो आणि लोकांना शिट्टी! महामाया आतून येऊन समोर उभी राहिली. म्हणाली, तीनदा हाक मारली. मग म्हणाली, "ते बंद करा आता. डोकं उठलंय त्या बारीक आवाजानं."

मी विचारलं, "साहेबरावचा फोन आला होता का तुला?"

ती खाली बसली. "कुणाचा फोन न्हाई. लातूरहून आणलं त्या दिवसापासून ऐकून राहिले मी. तुम्ही इतके खुश होता, कसं बोलायचं?"

तेहतीस वर्षांत ही बाई माझ्याशी खोटं बोललेली नाही. मी सगळ्या गोष्टी परत परत मांडून बघतोय. हिचा ह्यात काय फायदा, ते काही सापडत नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

महामायानं कानाच्या डॉक्टरकडं नेलं. काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला बऱ्याचदा दाबलं. मग बराच वेळ काहीच नाही. मी अंगठा तयार ठेवून बसलो. शेवटी त्या मुलीनं दार उघडलं.

"काका, दाबत का नाही?"

म्हणलं, "तुम्ही सुरू तर करा."

ती म्हणाली, "केव्हाचं सुरू आहे."