विंडफँगमधले कोट

लेमविग, १२ मार्च

प्रिय बेर्ट्रम,

रविवारी फोनवर तू विचारलंस, उरलेली दोन गाणी गायला तुमच्या विंडफँगमध्ये येऊ का, आणि मी नाही म्हणून फोन ठेवला. त्यानंतरचे तुझे फोन मी उचलले नाहीत. फोनवर मी तोडून बोलते. माझ्या गणिताच्या तासाला तू ते पुरेसं ऐकलं आहेस. म्हणून लिहायला बसले. एक कारण सरळ आहे. घर विकलं. एप्रिलमध्ये हर्निंगचं एक तरुण जोडपं राहायला येतंय, आणि त्यांना सगळ्यात आधी विंडफँग, बाहेरच्या आणि आतल्या दारामधली ती चिंचोळी जागाच पाडायची आहे. त्या बाई म्हणाल्या, "घरात छान उजेड येईल." मी म्हटलं, वाराही येईल. त्या हसल्या. इथला एक हिवाळा काढला की हसणार नाहीत.

तू पहिल्यांदा आलास तेव्हा कार्ला आणि तू आठवीत होतात. तू बूट काढलेस, नमस्कार-चमत्कार काही नाही, तिथेच उभं राहून टाळी वाजवलीस आणि कान देऊन ऐकलंस. मला वाटलं, मुलगा डोक्याने जरा कमी आहे. मग तू खुंट्यांवरचे रबरी रेनकोट एकेक करून बाहेर पायरीवर ठेवलेस आणि मला समजावलंस की रबर आवाज परत फेकतं, लोकर आवाज पिते. माझ्याच घरात मला भौतिकशास्त्र! पण तुझं बरोबर होतं. कार्लाच्या बाबांचा, पोलचा बंदरावरचा जाड कोट, माझा करडा, आजीचा काळा, सगळ्यांच्या मध्ये तुम्ही दोघं बुटांच्या बाकावर गुडघ्याला गुडघा लावून बसायचात. कार्ला वरची ओळ गायची, तू खालची. आवाज इतका जवळून यायचा, की आतलं दार बंद असूनही माझ्या कानाशी कुणी बोलतंय असं वाटायचं. कार्ला मात्र आपला पिवळा रेनकोट पायरीवर ठेवायला तयार नसायची. तो ती आत आणून स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर फेकायची, आणि माझ्या तपासलेल्या वह्यांवर पाणी टपटपायचं. मी ओरडले की म्हणायची, "आई, भिजलेल्या वह्यांना दोन मार्क जास्त दे, बिचाऱ्या समुद्रातून आल्यात."

पोलची खरी पंचाईत व्हायची. बंदरावरून तो दमून यायचा, हातात मासळीची पिशवी, आणि बाहेरचं दार आतून बंद. गाणं चालू असताना दार उघडायचं नाही, असा तुमचा कायदा होता. तो पायरीवर वाऱ्यात उभा राहायचा आणि आत आल्यावर म्हणायचा, "या घरात मी भाडेकरू आहे. पण दुसरं कडवं सुधारलंय हं." तुमची पहिली सगळी गाणी त्याला पाठ होती. मला एकही नव्हतं.

पुढे तुम्ही जोडीचं नावच विंडफँग घेतलंत. कोपनहेगनचे मुलाखत घेणारे विचारायचे, हे कशाचं प्रतीक आहे? कार्ला सांगायची, "बूट काढायच्या जागेचं." सगळे इंग्रजीत गात असताना तुम्ही आपल्या डॅनिश भाषेत गायलात, म्हणून मीही म्हटलं होतं, कोण ऐकणार? मग ऑस्लोचं बोलावणं आलं, रेकयाविकचं आलं. स्वीडिश लोक आपल्याला घशात बटाटा अडकलेले म्हणतात, तरी गोथनबर्गला एक म्हातारी कार्यक्रमानंतर कार्लाचा हात धरून म्हणाली, शब्द एक कळला नाही, पण थंडीतून येऊन कोट काढल्यासारखं वाटलं. कार्लाने रात्री फोन करून मला ते ऐकवलं आणि वर टोमणा मारला, "तिला शब्द न कळता कळलं. तुला शब्द कळतात, तुझं कधी होणार?"

मागच्या उन्हाळ्यात ती घरी आली, ती तुमच्या जिन्याचे मजले चढवेनात म्हणून. रक्ताचा आजार तेव्हा पुन्हा उलटला होता. तुला तिने येऊ दिलं नाही, याचं वाईट वाटून घेऊ नकोस. ती म्हणायची, "त्याच्यासमोर सूर लागला नाही तर तो काही बोलणार नाही, आणि ते मला सहन होणार नाही." एका दुपारी तिने मला कोट नीट लावायला सांगितले. पोल गेल्यावर मी त्याचा कोट कपाटात ठेवला होता, तो बाहेर काढला. तिने बाकावर बसून, रेकॉर्डर लावून, उरलेल्या दोन्ही गाण्यांच्या वरच्या ओळी गायल्या. मध्ये मध्ये ती थांबायची. मला वाटलं, दम लागला. आतून विचारलं, पाणी देऊ का? तर रागावून म्हणाली, "आई, ती बेर्ट्रमची जागा आहे. त्याच्या जागेत बोलू नकोस."

आता तू म्हणतोस, तुमच्या तळघरातल्या खोलीत तुझा आवाज तिच्या शेजारी उभाच राहत नाही. तिचा जवळून येतो, तुझा जिन्यातून आल्यासारखा. कंपनीतला माणूस सुचवतोय, दुसऱ्या मुलीकडून तिची ओळ पुन्हा गाऊन घ्या, नाहीतर ही रेकॉर्ड सोडून द्या. आणि तू सोडायला निघाला आहेस. माझं मत तू विचारलं नाहीस, तरी ऐक. तिच्या ओळीवर दुसरं कुणी गाणार नाही. आणि तिने रिकाम्या ठेवलेल्या जागा रिकाम्या राहणार नाहीत. ती त्या कंपनीसाठी थांबली नव्हती.

मग मी नाही का म्हटलं? विंडफँग पाडायला अजून अवकाश आहे, तू उद्या आलास तरी चाललं असतं. बेर्ट्रम, चर्चमध्ये कार्लाच्या शवपेटीच्या डाव्या बाजूला तू उभा होतास. शेवटचं भजन सुरू झालं आणि सवयीने तू खालची ओळ धरलीस. तुला ते कळलंसुद्धा नाही. वरची ओळ सगळं गाव गात होतं, पोस्टमनपासून माझ्या जुन्या मुख्याध्यापकांपर्यंत, तरी मला ती रिकामीच ऐकू आली. तू इथे आलास तर आतलं दार लावून मी स्वयंपाकघरात बसणार, कारण दुसरीकडे बसायला या घरात आता जागा नाही; सगळं खोक्यांत आहे. तुझ्या कानात तिचा आवाज असेल. मला दाराआडून फक्त तुझा ऐकू येईल. ते मला जमणार नाही. रेकॉर्ड झाली की पाठव. तेव्हा दोघांना एकदमच ऐकेन, आणि शब्दही पाठ करेन.

जागा मी तुला देऊ शकत नाही. जागा ज्याने बनली होती ते देते. राईचा पाव खात जा, नुसत्या कॉफीवर गळा राहत नाही.

तुझीच,
इंगेलीस

शेजारच्या स्वेन्डच्या गाडीतून तुझ्याकडे पाठवलं ते असं. खुंट्यांची लाकडी पट्टी, भिंतीवरून अख्खी काढलेली; पेन्सिलची खूण बाहेरच्या दाराच्या बाजूची. पोलचा बंदरावरचा कोट, खुणेकडून पहिला. मग माझा करडा. मी नवा घेतला आहे. आजीचा काळा. पोलचे दोन आइसलँडी स्वेटर, एकाच खुंटीवर. कार्लाचा हिवाळी निळा, शेवटच्या खुंटीवर. खिशातला रुमाल तसाच ठेवला आहे. बुटांचं बाक.

पिवळा रेनकोट दिलेला नाही. रबर आहे, तुला उपयोगाचा नाही. तो खुर्चीवर आहे.