ड्रमवाल्याचा कान

११ नोव्हेंबर, रविवार

प्रिय वहिनी,

नमस्कार. माझं अक्षर बघून कपाळाला आठी पडली असेल, तरी पत्र फाडू नका. मी बरा आहे. क्लॅरिनेट फुंकायला दम पुरत नाही, बडबडीला पुरतो. दादाचं पुढे लिहितो.

आमच्या तालमींना येऊन बसणारा तो चित्रकार आठवतो? तुम्ही त्याला बोका म्हणायचात. त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरलंय. त्यात आमचा अख्खा वाद्यवृंद आहे, काळ्या शाईच्या वेड्यावाकड्या रेघांचा. माझं नाक नळाच्या तोटीसारखं, ड्रमवर आपला दादा, पुढे नाचणाऱ्या नर्तकीला चार पाय! शेजारी एक बाई लोकांना चित्र समजावत होत्या.

“ड्रमवाला कुठे बघतोय?” त्यांनी विचारलं.

“तिच्या पायांकडे!” कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

मला हसू आलं नाही. त्याच नजरेपायी तुमचा संसार मोडला.

“आता कान बघा,” बाई म्हणाल्या. सगळ्यांना सुपाएवढे कान होते. दादाला एकही नव्हता. “मला वाटतं, त्याला ऐकूच येत नाही. तिच्या पायांवरून तो ठेका धरतोय.”

मी तडक घरी आलो. दादा खिडकीशी पाठमोरा बसला होता. मागे उभं राहून पातेल्यावर झाकण आपटलं. तो हललासुद्धा नाही. समोर गेलो तर म्हणाला, “आलास? चहा टाक.” इतकी वर्षं तो आमचे ओठ बघून बोलणं ओळखत होता, आणि मी समजत होतो की म्हातारा मुद्दाम कानाडोळा करतो.

“वहिनीला का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

“सांगणार होतो रे. पण तिला आधीच कळलं असावं. एक शब्द न बोलता निघून गेली. बहिऱ्याबरोबर कोण जन्म काढेल?”

वहिनी, त्या दिवशी मी जिन्यात होतो. बॅग घेऊन तुम्ही दारात उभ्या होतात. “अहो, त्या नाचणारीचं तुमचं काही नाही, एवढं म्हणा, मी थांबते,” असं तुम्ही म्हणालात. पुन्हा म्हणालात. तो तुमच्याकडे पाठ करून ड्रमचं कातडं ताणत बसला होता. ती पाठ म्हणजेच उत्तर, असं तुम्हाला वाटलं. मलाही वाटलं. रागाने मी त्याच्याशी महिनाभर अबोला धरला. त्याला पत्ताही लागला नसेल.

आता टाळत आलोय ते लिहितो. दादाची नजर जातेय. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झालाय. चांगला उजेड असला तरच त्याला समोरच्याचे ओठ दिसतात. थोड्या दिवसांनी तेही दिसणार नाहीत. मग त्याला कोणी काही सांगू शकणार नाही.

तुम्ही हाक मारली होती, हे मी त्याला सांगितलेलं नाही. ते तुम्हीच सांगायला हवं.

रागातच या हवं तर. पण सकाळी या, खिडकीत ऊन असतं. त्याच्यासमोर बसा आणि सावकाश बोला.

त्याला आता लिहिता येत नाही, म्हणून त्याच्याही वतीने,

तुमचाच,
भाऊजी