घंटेवरची अक्षरं

बोईसर,
२२ नोव्हेंबर १९६५

प्रिय पंढरी,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला आठवडा लागला, रागावू नकोस. घरात कुणाचं कशात लक्ष नाही. माझी तर जपाची माळसुद्धा मधेच थांबते.

दिल्लीत रेल्वेचं संग्रहालय करायचं घाटतंय, म्हणून तुमच्या कचेरीने सगळ्या स्टेशनांकडून जुन्या वस्तूंची यादी मागवली. ह्यांनी मोठ्या हौसेने कळवलं, बोईसर स्टेशनची पहिली घंटा. मामंजी इथे रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन असताना नवी घंटा आली, तेव्हा मास्तरांना विचारून त्यांनी जुनी बेटेगावच्या मारुतीला टांगली. पण तोंडीच विचारून. ते मास्तर आता हयात नाहीत.

गावाला हे मुळीच रुचलं नाही. रुळांवर काम करणाऱ्या गँगमधला जिवल्या देवळापाशी ह्यांना म्हणाला, "भाऊ, ती दिल्लीला गेली त आमी कवा बघावी? आमचे आज्यानं ही लाइन खणली हाय. त्याचं नाव लिवनार का तिथं कोन?" मलाही वाटतं रे, जिथे ती वाजली तिथेच, स्टेशनात चार माणसांना दिसेल अशी ठेवावी, खाली दोन ओळी लिहाव्यात. तारापूरच्या वीजकेंद्राच्या कामाला कुठून कुठून माणसं येऊन उतरतात. त्यांना तरी कळेल, हे गाव कालचं नाही.

गेल्या मंगळवारी तुमचे साहेब आले. जुन्या नोंदवहीत लिहिलंय की घंटेवर कंपनीचं नाव आणि साल कोरलेलं आहे. साहेबांनी घंटा सगळीकडून चाचपली. अक्षर एक नाही. मग ह्यांना म्हणाले, "खरी घंटा कुठे विकलीत?" आठ दिवसांत लेखी खुलासा मागितलाय. सरकारी वस्तूचा मामला, ह्यांच्या रेल्वेतल्या नोकरीवरच येणार.

मामंजींचं वय ब्याऐंशी. त्या दिवसापासून ते अंगणात बसून आहेत. काल मला जवळ बोलावून म्हणाले, "सुगंधा, कागद आण. मीच विकली म्हणून लिही, मी अंगठा देतो. म्हाताऱ्याला काय करतील?" मी कागद आणला नाही. आत जाऊन देवापुढे बसले, पण हात जोडायची लाज वाटली.

पंढरी, लग्न होऊन आल्यापासून दर शनिवारी मी ती घंटा घासते आहे. चिंच आणि विटेची भुकटी. मारुतीच्या डोक्यावर काळवंडलेलं पितळ बरं दिसेना. अक्षरांत मळ बसायचा, म्हणून तिथे जास्त जोर लावायची. एकोणीस वर्षं. आधी साल गेलं, मग नाव. मला दिसत होतं. वाटायचं, देवाच्या घंटेवर गोऱ्या कंपनीचं नाव हवं कशाला? साहेब चाचपत होते तेव्हा मी चार हातांवर उभी होते, आणि गप्प राहिले. आता ही दिल्लीला जाणार नाही, असं वाटून क्षणभर बरंही वाटलं, तेही सांगते.

ह्यांना अजून सांगितलेलं नाही; आज दिवेलागणीला सांगेन. पण ते मला वाचवायला खुलाशात भलतंच लिहितील, म्हणून आधी तुला लिहिते. हे पत्र बहिणीचं म्हणून घरी ठेवू नकोस. साहेबांसमोर ठेव, फाईलला लाव. त्यांना सांग, घंटा खरीच आहे, अक्षरं मी पुसली. विचारायचं ते मला विचारा, मी मॅट्रिक आहे, सही करते.

तुझीच,
सुगंधाअक्का