वर्ग एका सुरात

विसरवाडी,
रविवार, १५ डिसेंबर २०२४

प्रिय निर्मलाताई,

तुला, भाऊजींना आणि पोरांना अब्राहामचा सलाम. आई बरी आहे. गुडघे दुखतात म्हणून कुरकुरते, पण नाताळासाठी अंगण सारवायला कुणाला हात लावू देत नाही. भात झोडून झाला, तूर अजून उभी आहे.

तू रागावली असशील. इतके फोन केलेस आणि मी एकही उचलला नाही. इकडे रेंजचं काही खरं नसतं, त्यात शाळेची गडबड. म्हटलं, सावकाश पत्रच लिहू.

शाळेत यंदा एक नवीन गोष्ट चालू झाली आहे. ब्राह्मणपुरीच्या स्वप्नाली पाटील म्हणून मॅडम शिक्षकांना शिकवण्यात मदत करायला दर बुधवारी येतात. मागे पोरांमध्ये मांडी घालून बसतात, माझा तास बघतात आणि सुटीत आम्ही दोघं ओट्यावर बसून बोलतो. पुढच्या आठवड्यात कुठली एक गोष्ट बदलून बघायची, तेवढंच ठरवायचं. वयाने माझ्याहून बऱ्याच लहान, पण स्वभावाने चांगल्या. ‘वर्गात बघितलेलं आपल्या दोघांतच राहील, सर,’ असं पहिल्याच दिवशी म्हणाल्या.

आमचे दुसरे शिक्षक शांतीलाल सर मात्र मला रोज घाबरवतात. ‘सर, जपी ऱ्हा. ती मॅडम लिखी ऱ्हायनी ना, ते सगळं वर धाडस.’ म्हणजे मॅडम लिहितात ते सगळं वर साहेबांकडे पोचतं म्हणे. मी हसण्यावारी नेतो, पण मंगळवारी जेवण जात नाही.

माझा वर्ग तू पाहिला आहेस. मी विचारायचं आणि पोरांनी एका सुरात ओरडायचं. रस्त्यावरून जाणारे थांबून कौतुक करतात. मॅडमना नेमकं तेच खटकलं. म्हणाल्या, ‘सर, सगळे ओरडतात तेव्हा कोणाला येतं आणि कोण नुसतं तोंड हलवतं, हे कळत नाही. प्रश्न विचारा, थोडं थांबा, मग एकाचं नाव घ्या. पुस्तक मिटून आठवू द्या. आठवायला जो जोर लागतो ना, त्यानेच डोक्यात पक्कं बसतं. नुसतं पुन्हा पुन्हा म्हणून बसत नाही.’

मला पटलं. खरंच पटलं. तरी दोन महिने मी टाळत राहिलो. एकदा म्हणालो पोरं लाजतात, एकदा म्हणालो घरी आपल्या पाड्यावरची कोकणी बोलतात म्हणून मराठीत एकटं बोलायला घाबरतात. मॅडम ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, ‘बरं, मग कोकणीत उत्तर देऊ द्या की.’ माझ्याकडची कारणं संपत आली होती.

चार तारखेला शेवटी मी ते केलं. वजाबाकी चालली होती. प्रश्न विचारला, थांबलो, आणि रिबकाचं नाव घेतलं. तिसरीतली पोर, गंगीबाईची नात, आवाज अगदी बारीक. ती उभी राहिली, काहीतरी बोलली. ओठ हललेले दिसले. मी म्हणालो, ‘शाबास! बस खाली.’ ती बसली नाही. पुन्हा बोलली. मी पुन्हा शाबास म्हणालो. पोरं हसायला लागली, मला वाटलं कुणी खोडी काढली असेल, आणि मी फळ्याकडे वळलो.

ताई, ती बाहेर जायला विचारत होती. सगळ्यांसमोर तिचा फ्रॉक भिजला.

मॅडमनी उठून तिला बाहेर नेलं. नंतर ओट्यावर मला विचारलं, ‘सर, ती काय म्हणाली होती?’ मी म्हणालो, ‘उत्तर सांगत होती.’ त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि वही मिटली. मी त्या रात्री भाकरीला हात लावला नाही.

रिबका शाळेत यायची बंद झाली. पुढच्या बुधवारी ताप आल्याचं कळवून मी रजा टाकली. मॅडमसमोर बसायची हिंमत नव्हती. पण घरातही बसवेना. आईच्या नजरेला नजर देववेना. शेवटी गंगीबाईच्या घरी गेलो. ती तांदूळ निवडत होती. काहीतरी बोलली, मी मान हलवली. परत बोलली, परत मान हलवली. मग ती उठली, जवळ आली आणि माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, ‘पोरगी म्हणते, सर माझं ऐकतच नाहीत. कोणत्या तोंडाने पाठवू तिला?’

तिथे मी पहिल्यांदा बोललो. ‘मावशी, मला ऐकू येत नाही.’

आता तुलाही सांगून टाकतो. रेंज चांगली आहे. फोन वाजलेला दिसतो, पण तुझा आवाज कळत नाही, नुसती गुणगुण येते. उजवा कान दोन वर्षांपासून गेला आहे आणि डावाही चालला आहे. मोठा आवाज येतो, म्हणून मी वर्ग ओरडता ठेवला. बाबा शेवटी देवळात, उपासनेच्या गीतात, चुकीच्या ओळीवर एकटेच गात राहायचे आणि आपण दोघं हसायचो, ते आठवतं ना? मला तेच होण्याची भीती वाटत होती.

रिबका दाराआडून ऐकत होती. मी तिची माफी मागितली. ती बाहेर आली आणि जोरात ओरडली, ‘मग आधीच सांगायचं ना!’ गंगीबाईला हसू आवरेना. मला मात्र रडू आलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम मुद्दाम आल्या. त्यांनाही सांगितलं. त्या माझ्यासमोर वळून बसल्या, ओठ दिसतील अशा, आणि म्हणाल्या, ‘हे मी कुठे लिहिणार नाही, सर. पण पोरांपासून लपवून चालणार नाही. तपासून घ्या.’ आणि कपाटातल्या जुन्या पाट्या काढायला सांगितल्या. प्रश्न विचारायचा, सगळ्यांनी मनाशी आठवून उत्तर लिहायचं आणि एकदम पाटी वर करायची.

शुक्रवारी करून बघितलं. रिबकाही आली होती. वर्ग इतका शांत मी कधी बघितला नव्हता. पाट्या वर आल्या आणि मी एकेक वाचत गेलो. निम्म्याहून जास्त पोरांची वजाबाकी चुकली होती. हीच पोरं रोज बरोबर ओरडत होती! इतके दिवस मी त्या आवाजालाच शिकवत होतो. रिबकाचं उत्तर बरोबर होतं.

आता सोमवारपासून वजाबाकी पहिल्यापासून. ते मी करीन, त्याची भीती नाही. भीती दवाखान्याची आहे. मशीन लावून भागेल की नाही? कागदावर बहिरा लिहिलं तर नोकरीचं काय होईल? आईला काय सांगू? रोज हेच चालतं डोक्यात.

येत्या गुरुवारी तुमच्या नंदुरबारला सरकारी दवाखान्यात कान दाखवायला येतो आहे. ताई, तिथे बाकावर बसवतात आणि आतून नाव पुकारतात. माझं नाव पुकारलं, तर मला कळणार नाही. तू माझ्या शेजारी येऊन बस.

तुझी वाट बघणारा,
अब्राहाम