आमच्या घरातले माळकरी मासे

सालवड, बोईसर
ता. ३ ऑक्टोबर १९८७

तीर्थरूप आबांच्या पायांवर जावई रामकिसनचं डोकं, ते आपण उचलून घ्याल या आशेने ठेवलेलं.

आपला गुडघा कसा आहे? थंडी पडायच्या आत एरंडाचं पान बांधायला लागावं. आईंची ढास थांबली असेल, तांबडी गाय व्याली असेल आणि ज्वारीची पेरणी उरकली असेल असं धरून चालतो. मी इकडे खुशाल आहे. आपलं कार्ड पोचलं. ‘ज्या घरात मासे, त्या घरात माझी लेक आणि नातू पाय ठेवणार नाहीत’ एवढं एकच वाक्य आपण लिहिलंत, पण इतक्या ठसठशीत अक्षरात, की आमच्या पोस्टमननेही ते वाचलं आणि कार्ड देताना माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणून हे पत्र पाकिटात घालतो आहे.

बन्सीभाऊ (म्हणजे आपले चिरंजीव आणि माझे थोरले मेहुणे, आपल्याला ठाऊकच आहे, पण पाकिटाचाही भरवसा नाही) गणपतीत चार दिवस माझ्याकडे राहून गेले आणि त्यांनी तिकडे येऊन सांगितलं की रामकिसनने घरात मासे आणले. ते खरं आहे. पण आबा, ते जिवंत आहेत, काचेच्या पेटीत आहेत आणि फक्त बघण्यासाठी आहेत. ‘आज बघतो, उद्या खाईल’ असं आपण म्हणालात म्हणे. माळ आपण स्वतःच्या हाताने माझ्या गळ्यात घातली, ती जागची हललेली नाही. माशांनाही घातली असती, पण त्यांना मान नसते.

झालं असं की रत्ना बाळंतपणाला माहेरी आली आणि खोली मला खायला उठली. त्यातच कंपनीतल्या एका साहेबांची बदली झाली. त्यांची फिश टँक, मोठी, आपल्या देवघराच्या दुप्पट, कोणीच घेईना. मी घेतली. साहेब जाताना एवढंच म्हणाले की मासे मोठे घे, पण शांत घे, नाहीतर सकाळी एकच उरेल. मी मनाशी म्हटलं, मोठा असून शांत म्हणजे शाकाहारीच असला पाहिजे. आपल्या गावात पाहा, बैल शांत आणि बिबट्या तापट.

तेव्हा पालघरला रंगीत माशांचं दुकान आहे तिथे गेलो. दुकानदार दामू नावाचा. त्याने पहिल्यांदा ऑस्कर नावाचा मासा दाखवला. तांबडा, काळा, देखणा, माणूस ओळखणारा. खातो काय म्हणून विचारलं, तर म्हणाला, घालाल ते, आणि शेजारीपण. तो बाद. मग मी एकेका माशाची चौकशी सुरू केली. भांडतो का, दुसऱ्याच्या शेपट्या ओढतो का, मोठा झाल्यावर स्वभाव बदलतो का, पालेभाजी चालते का. शेवटी दामू वैतागून म्हणाला, ‘भाऊ, तुमी मासं न्यायला आलात का पोरगी द्यायला?’ मला वाईट नाही वाटलं. आपण मला पोरगी दिलीत तेव्हा नोकरी कायम आहे का आणि दारू पितो का, एवढंच विचारलं होतंत. पालेभाजीचं विचारलंही नव्हतं.

त्या चौकशीतून जे निवडले ते पाहून आपला ऊर भरून येईल. चांदीच्या रुपयासारखे गोल, चकचकीत असे सिल्व्हर डॉलर, आणि दोन गोरामी. डॉलर इतके कडक शाकाहारी, की पेटीत हौसेने लावलेली झाडं त्यांनी शेळीसारखी बुडापर्यंत खाल्ली. मी रागावलो नाही, उलट चाळीतल्या सगळ्यांना बोलावून ते खुंट दाखवले. गोरामी म्हणजे तर घरातला कर्ता पुरुष. वीतभर लांब, संथ चाल, पुढे दोन लांब मिश्या, त्यांनी तो ज्याला त्याला मायेने चाचपतो. पालक, मेथी, उकडलेला वाटाणा, सगळं गोड मानून घेतो. दामू म्हणाला होता की यांना अधूनमधून उपाशी ठेवलं तर बरं असतं. मी एकादशी ठरवली. आबा, आपल्याकडचे उपासवाले भगर, शेंगदाण्याची आमटी, वर रताळ्याचा कीस असा उपास करतात. माझे मासे निरंकार करतात.

बाळासाठी म्हणून पेराएवढे रंगीत गप्पी मासेही सोडलेत. ते या थोरामोठ्यांच्या मिश्यांखाली आनंदाने नांदतात. (सोडले त्यापेक्षा थोडे कमी दिसतात, पण लपत असावेत. झाडं उरलेली नाहीत, तेव्हा कुठे लपतात ते त्यांनाच माहीत.)

आता कंपनीत मला माशांचा रामकिसन म्हणतात. साहेबलोक बायकांना घेऊन बघायला येतात. सातपाटीहून जमनाबाई म्हणून एक मासेवाली आमच्या चाळीत पाटी घेऊन येते. मी इथे आलो तेव्हापासून ती रोज माझ्या दारात थांबायची आणि मी रोज नाही म्हणायचो. तीही येऊन पेटीसमोर बसली आणि म्हणाली, ‘यांना भाजीपाला घालतंस? गरीब हायत बिचारे. पन भाऊ, तोंड बघून ठेव, जेवडं तोंड तेवडी भूक.’ आणि त्या दिवसापासून ती माझ्या दारात थांबत नाही. म्हणते, तुझ्याकडं जिते हायत, तुला मेलेले कशाला दाखवू. म्हणजे बघा आबा, मासे घरात आल्यामुळेच मासळी दारातून गेली. जाता जाता एवढंच विचारते की, ‘तुजा पावना परत कवा येल?’ बन्सीभाऊंचा स्वभावच गोड, चार दिवसांत माणसं जोडली.

लहानांना आशीर्वाद, थोरांना दंडवत, गाईला एक भाकरी माझ्या नावाने.

आपला आज्ञाधारक,
रामकिसन

ता. क. खरं लिहायचं ते राहिलंच. रत्नाला आणि बाळाला पाठवा. दिवाळीच्या आधी मी स्वतः न्यायला येतो. बारशाला आलो तेव्हा पोरगं सारखं झोपलेलं होतं. मी त्याला पाहिलंय, त्याने मला अजून पाहिलेलं नाही. पेटी मी त्याच्याच उंचीला, खाली ठेवली आहे.

ता. क. दुसरा. पाकिटाला डिंक लावताना पेटीकडे नजर गेली. थोरल्या गोरामीच्या तोंडातून एक रंगीत शेपटी बाहेर होती. आपल्याशी खोटं बोलणार नाही. आज एकादशी आहे. मी त्याला काही बोललो नाही. एरवी सालस आहे, समोर आलं आणि तोंडात मावलं, म्हणून पाय घसरला. एवढ्यावरून कोणाला घराबाहेर काढू नये असं मला वाटतं.

ता. क. शेवटचा. बन्सीभाऊंनाही मी काही बोललो नव्हतो. गणपती बसले होते तरी जमनाबाईंचे बोंबील त्यांनी चारही दिवस माझ्या खोलीत स्वतः तळून खाल्ले, आणि दाबून खाल्ले. त्यांची माळ तेवढा वेळ खुंटीला होती. तवा मी राखेने घासून ठेवला आहे. हे रत्नाला मात्र कळू देऊ नका. ती आल्या आल्या तवा फेकून देईल, आणि तो आपण रुखवतात दिलेला आहे.