कॉफीचं नवं यंत्र, माझ्या शेळ्या आणि बाकीची मालमत्ता

मी, सुगंधाबाई, कैलासवासी बिरदेव देवकते यांची बायको, राहणार पालम, जिल्हा परभणी. वय आधारवर एकाहत्तर आहे, पण तो आकडा तिथं बसलेल्या पोरानं माझ्या तोंडाकडं बघून टाकलेला आहे. शिक्षण दुसरीपर्यंत. हे मृत्युपत्र मी तोंडानं सांगायलेय आणि तहसीलीसमोर बसून अर्ज लिहिणारे बन्सीधर लिहून घेत आहेत. माझं डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरनं लिहून दिलं आहे. कोणाच्या धाकानं मी हे सांगत नाही. धाक आहे, पण तो दुसऱ्या गोष्टींचा. तो खाली येईल.

पुढच्या आठवड्यात नांदेडला माझ्या काळजाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाला, "आजी, भ्यायचं काही कारण नाही." म्हणलं, "तू टेबलावर झोप, मी उभी राहते." त्यावर तो हसला. मी हसले नाही. म्हणून आजच सगळं लिहून ठेवायलेय.

कलम पहिलं. घर माझ्या नावचं आहे. मागच्या दोन खोल्या माझा लेक मल्हारी याला. रस्त्याकडची खोली माझी नात शिवकन्या हिला. शिवकन्या ही माझ्या मयत लेकीची, शालूची पोरगी. पाळण्यात होती तवापासून माझ्यापाशीच आहे. तिच्या खोलीच्या दाराला आतून कडी आहे, ती कोणी काढायची नाही.

कलम दुसरं. मेंढ्या कातरायची कातर, कुऱ्हाड आणि बिरदेवची काठी मल्हारीला. पितळेची सगळी भांडी सून मनकर्णा हिला. लग्न होऊन आली तवापासून ती कुकर मागायली आणि मी घेऊ दिला नाही. आमच्या घरात दाळ अजून उघड्या पातेल्यात शिजते आणि मनकर्णाचं तोंड तिच्याही वर उकळतं. मी मेल्यावर तिनं खुशाल कुकर घ्यावा. आधी मी मेल्याची खात्री करावी.

कुकर का घेऊ दिला नाही, हेही लिही म्हणलं. बन्सीधर म्हणतात, मृत्युपत्रात असलं लिहीत नसतात. म्हणलं, मयत व्हायलंय कोण, तू का मी?

शालूला वालूरला दिली होती. नवरा महारुद्र. एक दिवस निरोप आला, स्टोचा भडका उडाला म्हणून. मी पोचले तवा लेक संपलेली होती. स्टो अंगणात ठेवला होता. टाकी धड, पंप जागेवर, साधा पोचा नाही. मी म्हणलं, "हा फुटलाय कुठं?" महारुद्रची माय म्हणाली, "इहीणबाई, आता स्टोला बोलून काय व्हायचंय?" पंचनाम्यात भडकाच लिहिला गेला.

तवापासून मी स्टोला भ्यायचं ठरवलं. माणसाला भ्याले असते, तर शिवकन्येला शाळेतसुद्धा पाठवता आलं नसतं. म्हणून स्टो, कुकर, कोंडलेली वाफ असेल ते ते घराबाहेर. भीती एका जागी बांधून ठेवली की माणसाला कामं करता येतात.

कलम तिसरं. यंत्राबाबत.

शिवकन्या पुण्यात कॉफीच्या दुकानात कामाला होती. आजारी पडून परत आली, ती कॉफीचं यंत्र घेऊनच. पाणी तापवून ते जोरानं कॉफीच्या भुकटीतून काढतं. पुण्याची एक कंपनी तिला बियांच्या पुड्या पाठवते. ही कॉफी करून पिते आणि चव कशी ते कळवते. त्याचा पगार मिळतो. पण हे यंत्र एकसारखं तापत नाही. एक कप आंबट निघतो, त्याच पुडीचा दुसरा कडूजहर. मी विचारलं, "असं का गं?"

"पाणी लय तापलं की कडू, कमी तापलं की आंबट. ह्याला नुसता लाल दिवा हाय, आजी. तापलं एवढंच सांगतो, किती तापलं ते सांगत न्हाई."

कंपनी म्हणते, चांगलं यंत्र घे, नाहीतर काम थांबव. नव्याला आकडा दिसतो. आपण ठरवू त्या आकड्यावर पाणी थांबतं.

या थंडीत शिवकन्या सहज म्हणाली, "मामा, ह्याची ऊब टिकत न्हाई." मल्हारी जन्मात मेंढरांशिवाय काही शिकला नाही. थंडीनं काकडलेल्या कोकराला आम्ही घोंगडीत गुंडाळतो, तशी त्यानं घोंगडी आणली आणि चालू यंत्राला गच्च गुंडाळली. वर थापटलंही. थोड्या वेळानं जळक्या लोकरीचा वास आला आणि आत फुसकारा सुटला. मी अंगणात होते. दारापर्यंत जाता आलं नाही. मी नुसती ओरडत होते, आणि ओरडत होते ते "शालू, शालू".

शिवकन्येनं बटण बंद केलं, घोंगडी ओढून अंगणात फेकली आणि माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "फुटत न्हाई गं असं. जास्तीची वाफ सोडायला झडप असती. अन् आईचा स्टो बी फुटला नव्हता."

"तुला कोण सांगितलं?"

"तूच. झोपंत बोलतीस."

त्या दिवसापासून माझी भीती बांधलेल्या जागेवरून सुटली आहे. ती आता वालूरच्या रस्त्यावर जाऊन उभी राहते. कारण महारुद्र म्हातारा झाला आहे. दुसरी बायको सोडून गेली. भाकरी थापायला कोणी नाही, तवा त्याला लेक आठवली. दोनदा येऊन गेला. मल्हारी म्हणतो, "काम बंद पडलं तर पोरीनं हितं बसून काय करायचं? बाप बोलवायलाय, जाऊ दे." मल्हारी वाईट नाही. विसरभोळा आहे, आणि ते वाईटाहून वाईट.

म्हणजे यंत्र आणलं तर पोरगी इथं राहते. नाही आणलं तर तिला वालूरला धाडायची बोलणी सुरू होतात. नव्या यंत्रात वाफेच्या टाक्या दोन आहेत म्हणे. हे ऐकून मला दोन दिवस भाकर गोड लागली नाही. तरी मी ठरवलं आहे.

माझ्या नावच्या सगळ्या शेळ्या येत्या बाजारात विकाव्यात आणि नवं यंत्र घ्यावं. पैशावर मल्हारीचा, गोठ्याच्या पत्र्यांचा किंवा कोणा पाहुण्याचा हक्क नाही. मी त्याआधीच गेले तरी हे करायचंच. मल्हारी म्हणाला, "माय, शेळ्या विकून कॉफी? लोक तोंडात शेण घालतील." म्हणलं, "शेण आणतील कुठून? आपल्या दारात लेंड्याच हायत."

यंत्र शिवकन्येच्या खोलीत, तिच्याच मालकीचं राहील. त्याच्यावर कोणी काही पांघरायचं नाही.

कलम चौथं. महारुद्र याला माझ्या मालमत्तेतला खिळासुद्धा नाही. शिवकन्या सज्ञान आहे. कुठं राहायचं ते तिनं ठरवावं, आणि ते तिला एकटीला विचारावं, चार माणसं बसवून नाही.

कलम पाचवं, आणि शेवटचं. मला नांदेडची भीती वाटते, पण तिथं गुंगी देऊन निजवतात. मी निजलेली असताना इथं काय होईल, याची जास्त वाटते. तवा मी दवाखान्यात असताना महारुद्र दारात आला, तर मल्हारीनं त्याला ओट्यावरच बसवावं, पाणी द्यावं, चहा द्यावा, आणि पोरीला हाक मारू नये.

वरचं सगळं मला वाचून दाखवलं. दोन ठिकाणी बन्सीधरनं गोड केलं होतं, ते खोडायला लावलं. माझी सही मी स्वतः केली आहे. अक्षर हललं आहे, पण माझंच आहे.

लिहून ठेवणार: सुगंधाबाई बिरदेव देवकते

साक्षीदार, दोघांनीही माझ्यासमोर सही केली:
१. नागेश पंडित शिंदे, वायरमन, रा. पालम
२. सुलाबाई व्यंकटराव कदम, शेजारीण, रा. पालम

स्थळ: पालम, जि. परभणी
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२५